प्रश्न आधी लिहून पाठवा, एवढीच विनंती

गेल्या चार महिन्यांत मी नोकरीसाठी फोनवरून 11 मुलाखती दिल्या. त्यांपैकी 9 पहिल्याच फेरीत संपल्या. उरलेल्या दोन ठिकाणी संभाषणानंतर लेखी चाचणी होती आणि दोन्हीकडे मी पुढच्या फेरीत गेले. सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामाचा मला सहा वर्षांचा अनुभव आहे. हे काम बहुतांशी वाचून, लिहून आणि एकच गोष्ट चिकाटीने पुन्हा पुन्हा करून पाहून होते, तरीही त्या कामासाठीची पहिली चाळणी मात्र बोलण्याच्या वेगाची असते, ही विसंगती मला फार जाचते.

मी ऑटिस्टिक आहे. निदान वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी झाले. मराठीत यासाठी ‘स्वमग्न’ हा शब्द रूढ आहे, पण मला तो कधीच पटला नाही, कारण मी स्वतःत मग्न नसते. उलट आजूबाजूचा प्रत्येक आवाज एकाच वेळी, सारख्याच तीव्रतेने माझ्यापर्यंत येऊन धडकतो. कोपरखैरण्यातील आमच्या घरात समोरची व्यक्ती फोनवर बोलत असते, तेव्हा खालून जाणाऱ्या भंगारवाल्याची आरोळी, शेजारच्या घरातला मिक्सर आणि पंख्याची घरघर यांपैकी काहीही माझ्या कानांत आपोआप मागे पडत नाही.

त्यात फोनचा आवाज मुळातच अपुरा असतो. पारंपरिक टेलिफोन यंत्रणा साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पोहोचवते. ‘स’ आणि ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा बराचसा भाग त्याच्या वर असतो, त्यामुळे तो गळून पडतो आणि ऐकणाऱ्याला संदर्भावरून अंदाज बांधावा लागतो. दोन्ही बाजूंना व्होएलटीई, म्हणजे 4जी नेटवर्कवरून जाणारा अधिक स्पष्ट आवाजाचा कॉल, असेल तर फरक जाणवतो, हे मी अनुभवाने सांगते. बहुतेकांचा मेंदू ही उणीव नकळत भरून काढतो. मला मात्र ती जाणीवपूर्वक भरावी लागते, आणि तेवढ्यात पुढचा प्रश्न सुरू झालेला असतो.

सर्वांत कठीण जाते ते उत्तरापूर्वीचे मौन. संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यातले अंतर जगभर किती असते, याची 10 भाषांमधली तुलना 2009 मध्ये प्रसिद्ध झाली होती; ते सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास भरले. मला नीट विचार करून उत्तर द्यायला सहा-सात सेकंद लागतात. समोरासमोर बसल्यावर मी विचार करते आहे हे दिसते तरी; फोनवर तिसऱ्या सेकंदालाच “हॅलो, आवाज येतोय का?” असे विचारले जाते, आणि त्या प्रश्नाला उत्तर देताना मनात जुळत आलेली वाक्ये विस्कटतात.

मार्चमध्ये एक फोन मला ठाणे स्थानकात, ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर आला. पूर्वसूचना नव्हती. “पाच मिनिटं बोलता येईल ना?” असे विचारले गेले आणि नकार दिला तर संधी जाईल या भीतीने मी हो म्हटले. पनवेल गाडीची घोषणा सुरू असताना मला “तुमच्याबद्दल सांगा” असे सांगण्यात आले. हे वाक्य ऐकले की मी खरोखर अडकते: जन्मापासून सांगायचे, शिक्षणापासून, की शेवटच्या नोकरीपासून? मी जन्मगावापासून सुरुवात केली. चौथ्या मिनिटाला त्यांनी आभार मानून फोन ठेवला. घरी आल्यावर दादा म्हणाला, “अगं, फोनवर बोलायला एवढं काय घाबरायचं?” त्याचा हेतू चांगलाच होता, पण ती भीती नव्हती, हातात साधन नसताना काम करायला लावल्यासारखे ते होते.

त्या दिवसापासून मी काही गोष्टी ठरवून टाकल्या. अचानक फोन आला तर “मी आत्ता बाहेर आहे, कृपया ईमेलवर वेळ कळवा,” एवढेच म्हणून थांबते. हे वाक्य मी अक्षरशः पाठ केले आहे. ठरलेल्या वेळी वायरचा हेडफोन लावते आणि आई त्या अर्ध्या तासात मिक्सर लावत नाही. ‘तुमच्याबद्दल सांगा’चे उत्तर आठ ओळींत लिहून भिंतीवर चिकटवले आहे, त्यात फक्त शेवटच्या दोन नोकऱ्या आहेत. प्रश्न आला की तो कागदावर टिपून मोठ्याने परत वाचते, त्यामुळे चूक कळते आणि वेळही मिळतो. “मला विचार करायला काही क्षण द्या,” हे मौनात जाण्यापूर्वीच सांगते. फोनची एक बाजू मला मनापासून आवडते, तीही सांगायला हवी: तिथे कोणाच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही आणि खोलीभर येरझाऱ्या घालत बोलता येते. म्हणूनच फोनवरच्या मुलाखती बंद करा, असे माझे म्हणणे नाही.

मात्र सगळे जुळवून घेणे एकट्या उमेदवारानेच का करावे? ऑटिस्टिक आणि इतर माणसे यांच्यातली समजुतीची दरी दोन्ही बाजूंची असते, हा विचार डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकाने 2012 मध्ये मांडला आणि मला तो तंतोतंत पटतो. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकारचे दिव्यांगत्व मान्य आहे, त्यात ऑटिझम आहे. अवाजवी भार न पडता करता येण्याजोग्या सोयींची संकल्पनाही त्याच कायद्यात आहे आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावे, असेही तो सांगतो. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या ज्या कंपन्यांकडे मी अर्ज केले, त्यांपैकी एकीलाही हे धोरण मी मागितले तेव्हा ते कुठे आहे हे सांगता आले नाही.

माझी मागणी खरोखर छोटी आहे. प्रश्न एक दिवस आधी लिहून पाठवावेत, किंवा संभाषण चालू असताना चॅटवर टाकावेत. यात उत्तर सोपे होत नाही. त्रुटी कशी शोधली हे ज्याला माहीत नाही, त्याला प्रश्न आठवडाभर आधी मिळाला तरी ते सांगता येणार नाही. प्रश्न लिहून पाठवायला कंपनीला फार तर दहा मिनिटे लागतील.

येत्या बुधवारी पुन्हा एक मुलाखत आहे. या वेळी मी ऑटिस्टिक आहे हे पहिल्यांदाच आधी कळवले आणि लेखी प्रश्न मागितले. बाबांचे मत होते की एवढे उघड सांगू नये. त्यांची काळजी मला समजते, पण मी ईमेल पाठवला. काल उत्तर आले: सहा प्रश्न मंगळवारी संध्याकाळपर्यंत पाठवू. त्या ईमेलचा मसुदा कोणाला हवा असेल तर मला निरोप करा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही पाठवते.