पारा, गंधक आणि ओसी

पावतीवर ग्राहकाच्या नावाच्या जागी त्या पोरानं 'गेम अंकल' असं लिहिलंय. मी नाव सांगितलं होतं. आडनाव तर स्पेलिंगसकट सांगितलं होतं. पण त्याच आडनावाचा आणखी एक सीपीयू त्याच्याकडे पडला होता म्हणे, त्यामुळे 'पहचान के लिए' त्यानं ही सोय केली. वर पावतीचा फोटो त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तो बायकोच्या नंबरवर, कारण माझ्या फोननं तेव्हा मान टाकली होती. तेव्हापासून घरात 'गेम अंकल, दूध आणा' चालू आहे.

जागा लॅमिंग्टन रोड, वेळ शनिवारची दुपार, निमित्त ओल्डन एरा. 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक' या जुन्या मालिकेतला हा नवा खेळ. त्याचा डेमो माझ्या कॉम्प्युटरवर लावला की पंखा असा घोंघावायचा, की खालचे भाडेकरू वर बघायला यायचे बाकी होते. म्हटलं, ग्राफिक्स कार्ड टाकू. सीपीयू काखेत मारला आणि निघालो.

पोरानं विचारलं, "कौनसा गेम, अंकल?" मी नाव सांगितलं. त्यानं ऐकलेलं नव्हतं. मग त्यानं काउंटरवरच्या भल्याथोरल्या मॉनिटरवर, अख्ख्या दुकानाला दिसेल असा, ट्रेलर लावला. आवाज फुल. पडद्यावर डोंगर, किल्ले, घोड्यावर बसलेला एक सेनापती. मग लढाई. षटकोनी घरांचं मैदान, एका बाजूला भालेवाले, दुसऱ्या बाजूला सांगाडे. पोरगा थोडा वेळ बघत राहिला आणि त्यानं अत्यंत काळजीच्या सुरात विचारलं,

"अंकल, ये सब खड़े क्यों हैं?"

"टर्न-बेस्ड आहे," मी म्हटलं. "एकाची टर्न झाली की दुसऱ्याची."

"हैंग तो नहीं हुआ ना?"

मागे कोणीतरी हसलं. तेवढ्यावर हे मिटलं असतं. पण माझ्या शेजारी एक आजोबा उभे होते, टर्किश टॉवेलात गुंडाळलेला प्रिंटर बाळासारखा उराशी धरून. टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार गिरगाव, हे त्यांनी न विचारता सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"म्हणजे यात घाई नाही?"

"नाही."

"तुमची टर्न आली आणि तुम्ही विचार करत बसलात, तर?"

"बसायचं. घड्याळ लावलं नसेल तर तासभर बसा."

"आणि तोवर शत्रू?"

"थांबतो."

"थांबतो?" आजोबांनी पोराकडे, मग रस्त्याकडे पाहिलं. "अहो, मी आत्ता समोरून झेब्रा क्रॉसिंगवरून आलो. प्रिंटर घेऊन. कोणी थांबलं नाही."

एवढं बोलून ते थांबले असते तर मी त्यांना माफ केलं असतं. पण त्यांना रस लागला. लढाईच्या आधी काय करायचं असतं, असं त्यांनी विचारलं. मी भाबडेपणानं सांगायला लागलो. शहर असतं. त्यात इमारती बांधायच्या. मात्र एका शहरात दिवसाला एकच.

"दिवसाला एक इमारत?"

"एकच."

"कुठल्या महापालिकेत?"

आता दुकानातले सगळेच माझ्याकडे वळले होते. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, घ्यायला आलेला माणूस एसएमपीएस विसरला. मला गप्प बसता आलं असतं, पण या खेळाबद्दल कोणी विचारलं की मी गप्प बसत नाही. जुन्या भागांत सात प्रकारची संपत्ती असते म्हटलं. सोनं, लाकूड, खनिज, पारा, गंधक, स्फटिक, रत्नं. आरागिरणी ताब्यात घेतली की रोज दोन लाकडं. पाऱ्यासाठी किमयागाराची प्रयोगशाळा. मग आठवड्याला जेवढं सैन्य तयार होईल तेवढंच विकत घ्यायचं. तिसऱ्या भागात काळा ड्रॅगन चार हजार सोन्याला पडायचा, वर दोन माप गंधक.

"ऑन-रोड?" एसएमपीएसवाल्यानं विचारलं.

मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. पण आजोबांचं लक्ष 'आठवडा' या गोष्टीत अडकलं होतं, कारण मी बोलता बोलता ज्योतिष्यांचा उल्लेख केला होता. तिसऱ्या भागात दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्योतिषी जाहीर करतात की हा आठवडा अमुक प्राण्याचा, त्याची पैदास जास्त होईल. आणि एखाद्या महिन्याला प्लेगचा महिना निघाला तर सगळ्या गावांतली निम्मी वस्ती खलास.

"उपाय काय सांगतात?"

"काही नाही. नुसतं जाहीर करतात."

"शांत? अभिषेक? खडा?"

"नाही."

"मग प्रामाणिक आहेत," आजोबा म्हणाले, आणि या खेळाबद्दलचा त्यांचा आदर चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. पोरगा दरम्यान माझा सीपीयू उघडून त्यात तोंड घालून बसला होता.

"मग हा येतोय कधी?" आजोबांनी विचारलं.

इथं माझी पंचाईत झाली. ऑगस्ट 2024 मध्ये कोलोनच्या गेम्सकॉम या खेळांच्या प्रदर्शनात घोषणा झाली. तेव्हा म्हणाले 2025. नंतर म्हणाले 2026. आणि येणार तोही अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये. हे काय असतं ते मी समजावून सांगितलं: खेळ अजून पुरा झालेला नसतो, पण आपण पैसे देऊन तो घ्यायचा, खेळायचा, त्यातल्या चुका कंपनीला कळवायच्या आणि उरलेला भाग हळूहळू येतो.

आजोबांनी प्रिंटर काउंटरवर ठेवला. हात मोकळे करून घेतले.

"म्हणजे पझेशन दिलं, ओसी नंतर."

दुकान एकदम शांत झालं. पुढचा बराच वेळ आजोबा बोलत होते. त्यांची चाळ पुनर्विकासाला गेली होती. चावी मिळाली, पेढे झाले, गणपतीही नव्या घरात बसला. लिफ्ट नव्हती. पाणी टँकरचं. भोगवटा प्रमाणपत्र विचारलं की बिल्डर म्हणायचा, काका, राहायला तर लागा, काय राहिलंय ते सांगा, एकेक करून देतो. "आम्ही राहून दाखवायचं, आणि त्यानं शिकायचं!" आजोबांचा आवाज चढला. एसएमपीएसवाला मान डोलावत होता, तो डोंबिवलीचा निघाला. मग दोघांनी मिळून मला सल्ले दिले. पैसे एकरकमी देऊ नका. तारीख लेखी घ्या. "आणि पार्किंगचं आधी बघा," आजोबा म्हणाले. खेळात पार्किंग नसतं हे मी सांगितलं. "तेच सांगतात सुरुवातीला," आजोबा म्हणाले.

मी कंपनीची बाजू घेऊ लागलो. हे मला आजही समजत नाही. ज्या खेळाबद्दल मी स्वतः रोज रात्री कुरकुर करतो, त्याची मी लॅमिंग्टन रोडवर वकिली करत होतो. अनफ्रोझन नावाची छोटी मंडळी आहेत, म्हटलं, त्यांनी आधी 'इराटस' केलाय, तोही टर्न-बेस्ड. हूडेड हॉर्स हे प्रकाशक असल्याच खेळांचे. संगीताला जुनेच पॉल रोमेरो आहेत. "आमचा आर्किटेक्टही जुनाच होता," आजोबा म्हणाले.

त्या दुपारचा राग आहे तो यासाठी. हसले म्हणून नाही. त्यांचं बरोबर होतं म्हणून.

कारण ज्यांनी 'हीरोज' जवळून पाहिलाय त्यांना विचारा. तिसरा भाग 1999 चा, न्यू वर्ल्ड कम्प्युटिंगचा. तो इतका नेटका होता की आजही पोलंड-रशियात लोक तो खेळतात आणि त्याच्या स्पर्धा भरतात. पुढे काय झालं? चौथा 2002 ला आला, त्यात सेनापतीलाच रणांगणात उतरवलं. दुसऱ्या वर्षी मालक कंपनी थ्रीडीओ बुडाली, आणि युबिसॉफ्टनं ही मालिका 13 लाख डॉलरला उचलली. आजोबांच्या गिरगावात तेवढ्यात मोजकेच फ्लॅट येतील. मग प्रत्येक भागाला नवा कंत्राटदार. पाचवा 2006 ला रशियाच्या निवालनं केला, आणि खरं सांगायचं तर बरा केला. सहावा 2011 ला हंगेरीच्या ब्लॅक होलनं. त्यांनी सातावरून संपत्तीचे प्रकार चारवर आणले, पारा-गंधक-रत्नं काढून टाकली. का? तर सोपं व्हावं म्हणून. कोणी मागितलं होतं सोपं? ज्या माणसाला एक-एक माप गंधकासाठी अख्खा नकाशा पालथा घालायचा नाही, त्यानं हा खेळ हातात घ्यावाच कशाला? सातवा 2015 ला जर्मनीच्या लिम्बिकचा, त्यावर न बोललेलं बरं.

त्याच 2015 मध्ये तिसऱ्या भागाची एचडी आवृत्ती विकायला काढली. चित्रं नवी, आणि दोन्ही विस्तार, म्हणजे मूळ खेळाला नंतर जोडलेले भाग, गायब. कारण काय, तर विस्तारांचा मूळ कोड सापडत नाही. सापडत नाही! आमच्या सोसायटीची जुनी मिनिट बुकं सापडत नाहीत ते मी समजू शकतो, तिथं वाळवी आहे. आणि ज्या विस्तारांचा कोड मालकाला मिळेना, त्यावर चाहत्यांनी 'हॉर्न ऑफ द अ‍ॅबिस' नावाची भर घातली, 2011 पासून, फुकट. चाच्यांचं अख्खं शहर बांधलं, मग कारखान्यांचंही. नोकऱ्या सांभाळून, रात्री जागून. विकत मिळणारं अर्धवट, फुकट मिळणारं पूर्ण. हा कुठला बाजार आहे?

आता ओल्डन एरावाले म्हणतात, आम्ही पुन्हा तिसऱ्याच्या वाटेनं चाललोय. डेमो खेळल्यावर मला तसं वाटलंही. नकाशावर तसाच घोडा, तशीच वाट, पावलांचा तसाच हिशोब. जदामे नावाचा खंड, जो आधी 'माइट अँड मॅजिक'च्या आठव्या भागात होता. किडे-मुंग्यांचं एक राज्य नवं आहे. त्याबद्दल मी मत राखून ठेवतो, कारण मुंबईत राहणाऱ्या माणसाला झुरळांचं सैन्य पदरी बाळगण्याचं अप्रूप नसतं. पण माझा संशय खेळावर नाहीच. मला भीती वाटते ती 'तुमच्या लहानपणीसारखा' म्हणून काहीही खपवणाऱ्यांची. आम्हा चाळिशी उलटलेल्यांना हल्ली सगळं याच शब्दांत विकतात. बिस्किटं, स्कूटर, ऑर्केस्ट्रा. आणि आम्ही घेतो. विशलिस्टचं बटण मी घोषणेच्या रात्रीच दाबलं होतं, नाहीतर लॅमिंग्टन रोडला कशाला गेलो असतो.

पोरानं दरम्यान निदान केलं होतं. "अंकल, कार्ड की ज़रूरत नहीं. धूल है." त्यानं ब्लोअर लावला आणि माझ्या सीपीयूतून जी धूळ निघाली ती थेट आजोबांच्या प्रिंटरवर बसली. आजोबा काही बोलले नाहीत, टॉवेलनं पुसत राहिले. 'चेकिंग चार्ज' म्हणून माझे तीनशे रुपये गेले. ब्लोअरचे तीनशे रुपये! मी वाद घातला. पोरगा म्हणाला, आपकी टर्न हो गई अंकल, अभी पीछेवाले की. दुकान पुन्हा हसलं. हे वाक्य मात्र त्याला सुचलं याचं मला कौतुक आहे, आणि ते मला तिथल्या तिथं सुचलं नाही याचा सल.

घरी येऊन जुन्या होस्टेलच्या ग्रुपवर टाकलं: डेमो आता व्यवस्थित चालतोय, कोण कोण खेळणार? हॉटसीट म्हणून एक प्रकार असतो. एकच कॉम्प्युटर, चार माणसं, ज्याची टर्न तो खुर्चीवर, बाकीच्यांनी व्हरांड्यात. आम्ही इंजिनिअरिंगची अर्धी वर्षं व्हरांड्यात काढली. सीडी कुठून आली ते विचारू नका. मुळात आमच्यातल्या एकाचा भाऊ दुबईला होता, एवढंच सांगतो.

ग्रुपवर लगेच उत्तरं आली, जी एरवी कोणाच्या वाढदिवसालाही येत नाहीत. न्यू जर्सीवाला म्हणाला, ऑनलाइन खेळू, पण त्याच्या वेळेनुसार. नाशिकवाला म्हणाला, अर्ली अ‍ॅक्सेसला मी हात लावत नाही, पुरा झाला की सांगा. त्याचा फ्लॅटही त्यानं ओसी बघूनच घेतला होता, तो आधीपासूनच असा. आणि तिसरा, तो सांगाड्यांवाला, त्यानं नुसतं लिहिलं: "मी नेक्रोपोलिस."

इतक्या वर्षांनी हीच मिजास. नेक्रोपोलिस म्हणजे मेलेल्यांचं राज्य. तिथला सेनापती लढाई जिंकला की पडलेल्या शत्रूतून सांगाडे उभे करतो आणि ते त्याच्या फौजेत जमा. हा प्राणी पहिल्या महिन्यात कोणाशी भांडायचा नाही, गोडगोड बोलायचा, 'तू तिकडून जा, मी इकडून जातो' करायचा, कॅन्टीनमध्ये चहाचे पैसे भरायचा. आणि मग एका रात्री व्हरांड्यातून आत बोलावून दाखवायचा, की सांगाडे हजारावर गेलेत. त्यांना मनोधैर्य नावाची भानगड नाही, ते खचत नाहीत, घाबरत नाहीत. माझे देवदूत, लाकूडफाटा विकून, पै-पै जोडून घेतलेले, एका फटक्यात गेले होते. दुसऱ्या दिवशी फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर होता.

मी लिहिलं, शहरं चिठ्ठ्या टाकून ठरवायची. न्यू जर्सीवाला म्हणाला, अरे खेळ अजून यायचाय. नाशिकवाल्यानं अंगठा टाकला, कशाला ते कळलं नाही. सांगाड्यांवाल्यानं 'चिठ्ठ्या कोण टाकणार?' असं विचारलंय आणि मी अजून उत्तर दिलेलं नाही. खेळ येवो न येवो, अर्धा येवो, बिनलिफ्टचा येवो. नेक्रोपोलिस त्याला मिळता कामा नये.