सेप्टिक टाकी भरली नाहीये हो, शोषखड्डा मेलाय!

डोकं फिरलंय आज. वॉशिंग मशीननं पाणी सोडलं आणि तिकडे कमोडमधलं पाणी वर चढायला लागलं, मोरीच्या जाळीतून गुडगुड करत काळं पाणी बाहेर, आणि ज्याला सांगावं त्याचं एकच पालुपद, टाकी भरली असेल, गाडी बोलव, उपसून घे.

अरे बाबांनो, सेप्टिक टाकी भरलेलीच असते! कायम! मैला खाली बसतो, वर तेलकट साय धरते आणि मधलं पाणी आउटलेटमधून शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरतं, असं ते काम आहे. तळाचा गाळ उपसायचा तो दोन-तीन वर्षांतनं एकदा, महिन्याला नाही. पण हे गाडीवाल्याला सांगून काय उपयोग, त्याचा धंदाच त्यावर.

मागच्या वेळी मी मुद्दाम टॉर्च घेऊन वाकून बघत उभा होतो. सक्शननं लेव्हल खाली गेली आणि आउटलेटच्या पाईपातून उलटं पाणी टाकीत पडायला लागलं, चांगली मनगटाएवढी धार. म्हणजे पलीकडचा खड्डा तुडुंब, एक थेंब मुरत नाहीये. त्याला दाखवलं तर म्हणतो "पावसाळ्यात होतं साहेब असं" आणि 1,800 रुपये खिशात घालून मोकळा. वर शहाणपणा बघा, पाचशे जास्तीचे द्या, पोरगं आत उतरवून तळ साफ करून देतो म्हणे. अरे सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे आणि आतल्या गॅसनं माणूस उभ्या उभ्या जातो, हे याला माहीत नाही होय? हाकललाच त्याला.

खरा घोळ बिल्डरचा. नाशिकला मखमलाबादच्या पुढे बागा तोडून प्लॉट पाडले, ड्रेनेज लाईन येतेच आहे म्हणून रो हाऊस गळ्यात मारले, आणि ती काळी माती! उन्हाळ्यात भेगा असतात तोवर कसंतरी चालतं, पण दोन चांगले पाऊस झाले की ही माती फुगून अशी घट्ट बसते की पाणी हलत नाही. खाली मुरमापर्यंत खणायला पाहिजे होतं. यांनी वरच्या काळ्या मातीतच खड्डा मारला, विटा रचल्या, झाकण टाकलं, झालं. लोक गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला कुठवर पाणी आलं ते विचारतात, आम्ही घरात कमोडला कुठवर आलं ते बघतो. बिल्डरला फोन केला तर म्हणतो कुंभाच्या कामांत लाईन येऊन जाईल. 2027 पर्यंत काय पोट आवळून बसू का??

नवा खड्डा मुरमापर्यंत, दगडगोटे भरून, 70 हजार सांगितलेत. घराचा हप्ता, पोरीची फी, आणि 70 हजार मातीत घालू. शेजारचे काका अ‍ॅसिड ओत म्हणाले, म्हणजे मैला कुजवणारे जे काही जंतू उरलेत तेही मारून टाकू. दुकानदारानं जंतूंची पावडर दिली, ती टाकली, पण खड्ड्यातनं पाणीच मुरत नाही तर पावडर काय बादली घेऊन उपसणार आहे?

शेवटी मीच पाईप आणून मशीनचं, बेसिनचं आणि अंघोळीचं पाणी टाकीतून तोडलं आणि मागच्या दारी कर्दळीच्या आणि केळीच्या आळ्यात सोडलं. आजची मशीनची भानगड तरी मिटली, टाकीत आता फक्त संडासचं पाणी. पाऊस जोराचा झाला तर तेही चढतं, तेव्हा टमरेलानं मोजून पाणी टाका, फ्लश ओढायचा नाही अशी घरात ताकीद. आता शेजारच्या काकूंची तक्रार, तुमच्या आळ्यामुळे डास होणार. काकू, तुमचीही टाकी त्याच बिल्डरची आहे, थांबा जरा.

आणि ह्या सगळ्यात संध्याकाळी मामांचा फोन. कुंभाला तुझ्याकडेच उतरतोय रे, आम्ही फार नाही, बारा-पंधरा जण असू. मी आधी विचारलं, मामा, बद्धकोष्ठ कुणाकुणाला आहे?