अलेक्झांड्रियाची आग आणि हजार वर्षांचा हिशेब

"अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय एका रात्रीत जळालं, दुसऱ्या प्रतीच नव्हत्या म्हणून ग्रीकांचं ज्ञान राख झालं, त्यांचं विज्ञान तिथेच संपलं आणि माणूस हजार वर्षं मागे गेला. नाहीतर आज आपण मंगळावर राहत असतो." ज्वाळांच्या चित्राखाली हा मजकूर, अशी पोस्ट सतत फिरत असते. प्राचीन ग्रीकांवर माझं मनापासून प्रेम आहे, आणि ती पुढे पाठवणाऱ्यांचंही असणार. पण या गोष्टीत ग्रीकांवरच अन्याय होतो, म्हणून एकेक दावा तपासू.

"एका रात्रीत जळालं." नेमकं कोणत्या रात्री? इ.स.पू. 48 मध्ये रोमन सेनानी सीझरने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या बंदरातली जहाजं पेटवली आणि आग किनाऱ्यावर पसरली. प्राचीन चरित्रकार प्लूटार्क सांगतो, ग्रंथालय गेलं. इतिहासकार कॅशिअस डिओच्या मते धान्याची आणि पुस्तकांची कोठारं जळाली. पण ग्रंथालय ज्या विद्यापीठाशी जोडलेलं होतं, ते म्यूसिऑन त्यानंतर वीसेक वर्षांनीही नांदतं होतं. भूगोलकार स्ट्राबोने तिथली फिरायची वाट आणि विद्वानांची एकत्र जेवायची जागा यांचं वर्णन केलं आहे. पुढे रोमन सम्राट क्लॉडिअसने त्यात भर घातली. इ.स. 272 च्या सुमारास रोमन सम्राट ऑरेलिअनच्या लढाईत राजवाड्याचा तो सगळा भागच उद्ध्वस्त झाला. खलिफा उमरने पुस्तकं हमामात जाळायला लावली ही कथा तर अरबांनी शहर जिंकल्यावर पाचशेहून अधिक वर्षांनी पहिल्यांदा लिहिलेली सापडते.

ऱ्हासाची सुरुवात शोधायचीच तर मी आगीच्याही मागे जाईन. इ.स.पू. 145 मध्ये इजिप्तच्या आठव्या टॉलेमी राजाने सत्ता बळकावली आणि विरोधी गटातल्या विद्वानांना शहराबाहेर घालवलं. होमरचा थोर संपादक अ‍ॅरिस्टार्कस तेव्हाच गेला. ग्रंथपालांच्या एका जुन्या यादीत त्याच्यानंतरचं नाव आहे कायडस, आणि त्याची ओळख दिली आहे 'भालाईतांपैकी एक'. एरॅटोस्थेनिसने जिथे बसून पृथ्वीचा परीघ काढला, त्या जागेवर शिपाईगडी! मला आगीपेक्षा हे जास्त लागतं.

"ग्रीक विज्ञान तिथेच संपलं." हे तर साफ चूक. मंगळाच्या स्वप्नासाठी ज्याचं वाफेवर फिरणारं यंत्र पुढे केलं जातं, तो हेरॉन सीझरनंतर शंभरेक वर्षांनी होऊन गेला. खगोलज्ञ क्लॉडिअस टॉलेमीने 'अल्माजेस्ट' हा खगोलशास्त्राचा ग्रंथ लिहिला ते इ.स. 150 च्या आसपास. दोघंही अलेक्झांड्रियाचेच.

"दुसऱ्या प्रतीच नव्हत्या." ज्यावर तेव्हा लिहीत तो पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेला कागद, काही अमर नसतो. दमट हवेत तो कुजतो, किडे खातात. आग लागो न लागो, पुन्हा पुन्हा नकलून घेतलं तेच टिकलं. आर्किमिडीजचं एक पत्र पाहा. आपले निष्कर्ष आपल्याला आधी कसे सुचतात, हे त्याने त्यात उलगडून सांगितलं आहे: आकृतीचे पातळ काप मनाने तराजूच्या दांडीवर तोलायचे आणि त्यावरून क्षेत्रफळ, घनफळ ओळखायचं. पत्र एरॅटोस्थेनिसला, म्हणजे खुद्द अलेक्झांड्रियाच्या ग्रंथपालाला लिहिलेलं. ते आपल्यापर्यंत पोचलं दहाव्या शतकात चर्मपत्रावर केलेल्या नकलेमुळे. तेराव्या शतकात कुणीतरी ती शाई खरवडली, पानं आडवी फिरवली आणि वर प्रार्थना लिहिल्या. 1906 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला हायबर्ग या डॅनिश अभ्यासकाने त्या प्रार्थनांखालचा मजकूर ओळखला. उरलेल्या जागा या शतकात क्ष-किरणांनी शाईतलं लोह टिपून वाचण्यात आल्या.

"हजार वर्षं अंधार." कुणासाठी? नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक ग्रीक वैद्य गॅलेनच्या वैद्यकग्रंथांची भाषांतरं करत होता, आणि त्यासाठी हस्तलिखितांच्या शोधात गावोगाव फिरत होता. ग्रीक भूमितीकार युक्लिडचा ग्रंथ अरबीतून पुढे संस्कृतातही आला: अठराव्या शतकात सवाई जयसिंहाच्या पदरी जगन्नाथ सम्राटाने 'रेखागणित' रचलं. त्याच्या कितीतरी आधी, सहाव्या शतकात, वराहमिहिर लिहून गेला होता की यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ खरे, पण हे ज्योतिषशास्त्र त्यांच्यात नीट रुजलेलं आहे, म्हणून त्यांचीही ऋषींसारखी पूजा होते. ग्रीकांबद्दलचा हा आदर आपल्याकडे इतका जुना आहे.

नुकसान झालंच नाही, असं मी म्हणत नाही. सोफोक्लिसची शंभराहून अधिक नाटकं होती, अखंड उरली सात. सॅफोच्या कवितांचे बहुतेक तुकडेच हाती आहेत. त्याचं दुःख आहेच. पण इजिप्तमध्येच, ऑक्सिरिंकस नावाच्या गावाच्या उकिरड्यांत 1896 पासून ग्रेनफेल आणि हंट या इंग्रज अभ्यासकांनी उकरायला सुरुवात केली, आणि कोरड्या वाळूत टिकलेले पपायरसचे ढीग निघाले. सोफोक्लिसच्या एका हरवलेल्या नाटकाचा मोठा भाग त्यातच मिळाला. पाच हजारांवर तुकडे आजवर छापून झाले, आणि न छापलेले त्याहून कितीतरी जास्त आहेत.