फरशीचे पैसे कुठे गेले, एवढंच सांगा

डिसेंबर 2025 च्या नागपूर अधिवेशनात राज्य सरकारने 75 हजार 286 कोटींच्या पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाला मंजुरी) मांडल्याची बातमी वाचली आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात 57 हजार 509 कोटींच्या येऊन गेल्याच होत्या. मार्चमध्ये सात लाख कोटींचा अर्थसंकल्प वाजतगाजत मांडायचा आणि वर्ष संपायच्या आत त्यावर 1 लाख 32 हजार कोटी चढवायचे! मग मार्चमधला आकडा कशासाठी होता?

हो, सप्टेंबरात मराठवाडा पाण्यात गेला. त्या शेतकऱ्यांना पैसे द्यायलाच हवेत, वाद नाही. पण 2024 च्या पावसाळी अधिवेशनात 94 हजार 889 कोटी मागितले, तेव्हा कुठला महापूर होता? विधानसभेची निवडणूक तोंडावर होती.

माझ्या मामांचं गाव नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याकडे. गावाबाहेरच्या ओहोळावर फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, मंजूर झाली, फलक लागला, नारळ फुटला. फरशी आजही नाही. पावसाळ्यात पोरं शाळेला जातात ती मोठ्या माणसांचा हात धरून, पाणी चढलं की जातच नाहीत. मी नाशिकला संबंधित ऑफिसात विचारायला गेले, तर तिथले म्हणाले, निधी 31 मार्चला समर्पित केला, म्हणजे न वापरता सरकारला परत दिला. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बीम्सवर (सरकारच्या निधी वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर) आला, निविदा झालेली नव्हती, परत गेला. पुन्हा कधी येणार? ‘वरून आला की.’

तिथल्या क्लार्कदादांवर माझा राग नाही. त्यांनी बसवून घेतलं, फाईल काढून दाखवली. त्या बिचाऱ्यांनाही माहीत नव्हतं की ते पैसे पुढे कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या खात्यात, गेले. ज्याच्या टेबलावरून पैसा जातो त्यालाच ठाऊक नाही, तर माझ्या मामीला कोण सांगणार?

बीम्स कुणालाही उघडता येतं, कबूल. उघडून बघा. विभागाची तरतूद दिसेल, वितरण दिसेल. मामांची फरशी शोधून दाखवा मला! आणि सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचे अहवाल? बहुतेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर ठेवतात, आमदार तोवर गाडीत बसलेले असतात. आपल्या करातले हजारो कोटी गोंधळात, आवाजी मतदानाने मंजूर होतात आणि आपण लाडक्या पक्षाचा झेंडा बघून गप्प बसतो. याची चीड येते.

आता 2027 च्या कुंभमेळ्यासाठी आपल्याच नाशिक शहरात कोट्यवधींची कामं चालू आहेत. प्रत्येक कामाच्या फलकावर मंजूर किती, आले किती, खर्च किती आणि कुठल्या तारखेला, हे लिहायला काय हरकत आहे? सुरगाण्याच्या ओहोळापाशीही असाच फलक हवा.

मी पुनर्विनियोजनाचे (एका कामाचा निधी दुसरीकडे वळवण्याचे) आदेश मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतलाय. ज्यांनी पूर्वी असे आदेश मागितलेत त्यांनी इनबॉक्समध्ये मसुदा पाठवा. आणि सुरगाणा, पेठकडच्या मित्रांनो, तुमच्या गावचं परत गेलेलं काम खाली लिहा, सगळी एकाच अर्जात घालते.