‘ईस्ट’ ही ‘उषस्’ची लेक नव्हे

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरून येतो. इंग्रजांनी दिशांची नावे संस्कृतातून उचलली म्हणे: ‘उषस्’वरून ईस्ट, ‘वसति’वरून वेस्ट, ‘नरक’वरून नॉर्थ. लॅटिनमधला ‘डेक्स्टर’ म्हणजे आपला ‘दक्षिण’. शिक्का मारायला अठराव्या शतकातले इंग्रज संस्कृत-अभ्यासक सर विल्यम जोन्स. खाली जोडलेल्या हातांची रांग.

ईस्टचे अर्धे खरे आहे. ईस्ट, उषस् आणि लॅटिनमधली पहाट ‘आउरोरा’ हे एकाच मुळातले शब्द. पण नाते मायलेकींचे नाही, मावसबहिणींचे. संस्कृतात उषस् म्हणजे पहाट. दिशेला संस्कृत ‘पूर्व’ म्हणते, म्हणजे पुढची. उगवतीकडे तोंड करून उभे राहा. समोर पूर्व, पाठीशी पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण. (‘दक्षिण’ म्हणजे मुळात उजवा. प्रदक्षिणा घालताना देव उजवीकडे असतो, तो यामुळेच.) उत्तर तेवढी ‘डावी’ न होता ‘वरची’ झाली. दिशा उचलायच्याच होत्या तर ही तयार नावे सोडून पहाटेचा शब्द कोण नेईल? पहाटेवरून पूर्व सुचायला कुणाची उसनवारी लागत नाही. आपल्या खेड्यांतही ‘उगवतीला’, ‘मावळतीला’ म्हणतातच की.

नॉर्थ आणि नरक? अहो, यमाची दिशा दक्षिण! हे फॉरवर्ड पाठवणारे काकाच दक्षिणेकडे पाय करून झोपू देत नाहीत. नॉर्थचा सोयरा सापडतो तो इटलीतल्या प्राचीन उंब्रियन भाषेत: ‘नेर्त्रु’, म्हणजे डावा. उगवतीकडे तोंड केले की उत्तर डावीकडेच येते. संस्कृतात न दिसलेला डावा हात हा असा तिकडे निघाला.

वेस्टला भाषातज्ज्ञ लॅटिन ‘वेस्पेर’, ग्रीक ‘हेस्पेरोस’ यांच्या, म्हणजे संध्याकाळच्या पंगतीत बसवतात. साउथबद्दल फॉरवर्ड गप्प, मीही गप्प.

डेक्स्टरचा मुद्दा मात्र चवीने बघण्यासारखा. लॅटिन ‘डेक्स्टर’, ग्रीक ‘डेक्सिओस’, दोन्हींचा अर्थ उजवा, दोन्हींत ‘ए’; संस्कृत ‘दक्षिण’मध्ये ‘अ’. जुना कोणता? ‘रामश्च’मधला ‘च’ (म्हणजे ‘आणि’) घ्या. लॅटिनमध्ये तोच ‘क्वे’. या भाषांच्या समान पूर्वज भाषेतल्या ‘क’चा संस्कृतात ‘च’ झाला, कारण पुढे ‘ए’ होता आणि त्याने जीभ टाळूकडे ओढली. मग त्या ‘ए’चाही ‘अ’ झाला. ‘ए’ गेला, त्याने घडवलेला ‘च’ राहिला. म्हणजे जुना ‘ए’च. १८७० च्या दशकात हे अभ्यासकांच्या ध्यानात आले. लॅटिन संस्कृतातून निघाली असती, तर आईने आधीच गमावलेला ‘ए’ लेकीकडे कुठून आला असता?

उजवा म्हणजे दक्षिण ही जोडीही एकट्या संस्कृताची नाही. जुन्या आयरिशमधल्या ‘देस्’चे हेच दोन अर्थ आहेत. अरबीत ‘यमीन’ म्हणजे उजवा, आणि त्याच धातूतला येमेन मक्केच्या दक्षिणेला. अरबी तर संस्कृत-लॅटिनच्या भाषाकुळातलीही नाही.

राहिले जोन्ससाहेब. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या व्याख्यानात त्यांनी संस्कृतची तोंडभरून स्तुती केली, ती फॉरवर्डमध्ये आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन अशा एका समान उगमातून निघाल्या असाव्यात, जो कदाचित आता उरलेला नाही, हे त्याला जोडूनच ते म्हणाले होते. नेमके तेवढे कापलेले असते.

संस्कृतातून निघून खरोखर इंग्रजीत पोचलेली दिशा हवी आहे? दक्षिण, प्राकृतात दक्खिण, मग दख्खन, आणि इंग्रजांच्या तोंडी डेक्कन. पुण्यात बसचा कंडक्टर ती रोज ओरडून सांगतो.