इलेक्शनला बंदूक जमा होते, मग घरात भांडण पेटल्यावर का होत नाही?

जगात कुठं शाळेत नायतर बाजारात गोळीबार झाला की आमच्या ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते सगळ्यांच्या बंदुका काढून घ्या, दुसरी म्हणते उलट सगळ्यांना द्या, मग कोण वाकडं बघणार नाही. बेळगावात घरटी एक मिल्ट्रीतला माणूस, म्हणून तुम्हाला वाटेल दुसऱ्या पार्टीत माजी सैनिक जास्त असतील, खरं तसं काय नसतं, ज्यांनी आयुष्यात कधी बार काढला नाही तेच जास्त ओरडतात. फौजी माणूस गप्प असतो. त्याला माहीत असतं हत्यार काय चीज आहे ते.

माझं मत आधीच सांगून टाकतो, कायदा कडक व्हायलाच पाहिजे. खरं कडक म्हणजे काय आणि कुठं कडक, यावर कोण बोलत नाही म्हणून एवढं लांबलचक लिहायलोय.

अमेरिकेचं सोडा. तिथं १७९१ पासून घटनेतच हत्यार बाळगायचा हक्क लिहून ठेवलाय, २०१२ ला सँडी हूकच्या शाळेत २० पोरं मेली तरी पुढच्या एप्रिलमध्ये सिनेटमध्ये साधी बॅकग्राउंड तपासणी वाढवायचं बिल अडकलं. आपल्याकडं तो प्रश्नच नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं सरळ सांगितलंय की भारतात बंदूक हा कुणाचा हक्क नाही, परवाना मिळाला तरच. म्हणजे आपली सुरुवातच बरी आहे. तरी आपण नुसतं 'आमच्याकडं तसलं काय होत नाही' म्हणून बसतो.

मी जुन्या तीन घटनांबद्दल जरा वाचलं आणि डोकं सुन्न झालं. स्कॉटलंडमधलं डनब्लेन, मार्च १९९६, १६ लहान पोरं आणि त्यांच्या बाई. मारणाऱ्याकडं परवाना होता. पाच वर्षं आधी एका पोलीस अधिकाऱ्यानं वर लिहून दिलं होतं की या माणसाचा परवाना काढून घ्या, वरच्यांनी काही केलं नाही. दुसरं न्यूझीलंडचं ख्राइस्टचर्च, मार्च २०१९, मशिदीत नमाजाला आलेली ५१ माणसं. त्याच्याकडंही परवाना, आणि त्याच्या चांगुलपणाची साक्ष दिली कुणी तर ऑनलाइन गेम खेळणारा एक दोस्त आणि त्या दोस्ताच्या आईबापांपैकी एक जण! घरच्या माणसाला विचारलंच नाही, हे त्यांच्या चौकशी आयोगानंच म्हटलंय. तिसरं अमेरिकेतलं लुईस्टन, ऑक्टोबर २०२३, १८ जण. हा तर आर्मीचा रिझर्व्ह सैनिक. घरच्यांनी मे महिन्यातच पोलिसांना सांगितलं होतं, बरोबरच्या सैनिकानं सप्टेंबरमध्ये सांगितलं की हा एक दिवस लोकांना मारणार. पोलीस घरी गेले, दार वाजवलं, कोण उघडलं नाही, परत आले.

दोन ठिकाणी कुणीतरी आधीच सांगितलं होतं, ख्राइस्टचर्चला तर जवळच्याला विचारलंच नाही. बायको, भाऊ, शेजारी, बरोबर काम करणारा. जवळच्याला कळलेलं असतं, खरं त्याच्या हातात काय नसतं. माझं सगळं म्हणणं इथंच येऊन अडकतंय.

आणि लांब कशाला जायचं, ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई गाडीत पालघरजवळ रेल्वे सुरक्षा दलाच्या (आरपीएफ) शिपायानं आपल्या साहेबाला आणि तीन प्रवाशांना सरकारी रायफलनं मारलं. त्याच्या सहकाऱ्यानं दिलेल्या जबाबात आलंय की हा आधीच म्हणत होता, तब्येत बरी नाही, मला उतरू द्या. ड्युटी संपव म्हणाले. रायफल थोडा वेळ सहकाऱ्याकडं दिली, खरं शेवटी परत त्याच्याच हातात आली.

आमच्या काकांना (मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर, नंतर बरीच वर्षं बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन उभे) विचारलं की फौजेत हे कसं चालतं. म्हणाले, ड्युटी संपली की हत्यार कोतात (म्हणजे हत्यारं ठेवायच्या खोलीत) जमा, सही करून. मानसिक कारणानं जवान लो मेडिकल कॅटेगरीत गेला की त्याच्या हातात हत्यारच देत नाहीत, मग तो कितीका चांगला नेमबाज असेना. आणि रिटायर होऊन गावात आलो, परवाना काढला, बंदूक घरात कपाटामागं, कोण विचारायला आलं नाही. हे त्यांचंच बोलणं.

आता परवाना काढताना तपासणी होत नाही असं मी म्हणत नाही. फॉर्म, पोलीस व्हेरिफिकेशन, डॉक्टरचं सर्टिफिकेट, गुन्हा आहे का, डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसच्या चकरा, सगळं कानडीत, आमची म्हातारी माणसं तिथंच अर्धी थकतात. खरं हे सगळं एकदा झालं की मुदत संपेपर्यंत कोण बघत नाही. २०१९ ला कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा टीव्हीवर किती वाजवलं, तीनच्या जागी दोनच हत्यारं, लग्नात हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत जेल नायतर लाखापर्यंत दंड, नायतर दोन्ही. चांगलंच झालं. मात्र त्याच दुरुस्तीत परवान्याची मुदत तीन वर्षांवरनं पाच वर्षं केली, त्यावर कोण बोललं? पाच वर्षांत माणसाचं काय काय होतंय. धंदा बुडतो, दारू लागते, भावकीत बांधावरनं कोर्टकचेरी सुरू होते, मनाचा आजार जडतो. बंदूक मात्र तशीच भिंतीला.

आमच्या पै-पाहुण्यातलंच एक घर आहे खानापूर बाजूला, नाव-गाव सांगत नाही. पीक राखायची बंदूक, बापाच्या वेळेपासनं घरात असलेली, पुढं मुलाच्या नावावर परवाना झाला. मुलगा प्यायला लागला की बंदूक काढून अंगणात बसायचा, बोलायचा काय नाही, नुसता बसायचा. बायको काडतुसं भाताच्या कणगीत लपवायची. स्टेशनला एकदा सांगून बघितलं तर घरगुती मॅटर आहे, समजावून घ्या. मग विधानसभेचं इलेक्शन लागलं, आचारसंहिता, आदेश निघाला, बंदूक स्टेशनात जमा. ती बाई नंतर माझ्या आईला म्हणाली की इलेक्शन होतं तोवर मी झोपले. निकाल लागला, आठवडाभरात बंदूक पावती दाखवून परत घरात.

बघा म्हणजे. मतदानाच्या आधी अख्ख्या जिल्ह्यातल्या बंदुका गोळा करता येतात. सरसकट जमा करू नका म्हणून लोक कोर्टातही गेलेत, मग छाननी समिती बसते, कुणाची घ्यायची कुणाची ठेवायची ते ठरवते, बँकेच्या गार्डला सूट मिळते. म्हणजे माणूस बघून निर्णय घ्यायची यंत्रणा आहे, पावतीबुक आहे, ठेवायला जागा आहे. फक्त इलेक्शनलाच जाग येते तिला.

आणि अधिकार नाही म्हणावं तर तोही आहे. १९५९ च्या आर्म्स ॲक्टचं कलम १७. माणूस हत्यार बाळगायला लायक राहिला नाही, डोकं ठिकाणावर नाही किंवा लोकांच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर परवाना देणारा अधिकारी तो थांबवू शकतो, रद्द करू शकतो. त्या माणसाला अपील करता येतं, म्हणजे अन्यायही नको. खरं त्या बाईला हे कुणी सांगितलं? पंचायतीत बोर्ड आहे का? आशाताईला माहीत आहे का?

आता शेतकऱ्याचा मुद्दा, कारण कमेंटमध्ये पहिला तोच येणार. कायदा कडक केला की मरण आमचंच, असं जांबोटी, कणकुंबी, नागरगाळीकडचे लोक म्हणतात आणि त्यांचं चुकत नाही. रानडुकरं एका रात्रीत भात लोळवतात, गवे येतात, दांडेलीच्या रानातनं हत्ती येतात, भरपाईचा अर्ज करून माणूस म्हातारा होतोय. माळ्यावर बसून रात्रभर डबे वाजवून बघा एकदा. तसं पीक राखायचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे, वन्यजीव कायदा वेगळा आहे, बार काढायचा तो हवेत, हे सगळ्यांना माहीत असून माहीत नसल्यासारखं चालतं. ऑस्ट्रेलियातही शेतकऱ्यांनी हीच बोंब मारली होती. १९९६ ला पोर्ट आर्थरला ३५ माणसं मेल्यावर तिथल्या सरकारनं साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या, धडाधड गोळ्या सोडणाऱ्या बंद केल्या, मात्र शेतकऱ्याला खरं कारण दाखवून साधी बंदूक ठेवता येत होती, कुलपात ठेवायच्या अटीवर. शेती काय बंद पडली नाही. कुलपाचा नियम आपल्या २०१६ च्या रूल्समध्येही आहे म्हणे, कुणाच्या घरी कुलूप बघितलंय तुम्ही?

दुसरी कमेंट येणार की गुन्हेगार परवाना काढतात काय. बरोबर. फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात कॉम्रेड पानसरे आणि ऑगस्टमध्ये धारवाडला कन्नड विचारवंत कलबुर्गी, आपल्या दोन्ही अंगाला, दोघांनाही गोळ्या घातल्या त्या काय परवान्याच्या बंदुकीनं नाही, देशी पिस्तुलानं. बिहारातलं मुंगेर, मध्य प्रदेशातलं उमरटी, कुठनं कुठं माल फिरतो. त्याला परवान्याचे नियम वाढवून काय फरक पडणार नाही, तिथं कारखाना, दलाल आणि वाहतूक धरली पाहिजे, आणि २०१९ च्या दुरुस्तीत त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवलीय तर ती लागायला पाहिजे. तो रोग वेगळा, हा वेगळा. एकाला औषध नाही म्हणून दुसऱ्यालाही द्यायचं नाही, हे कसलं शहाणपण.

मला पाहिजे ते असं. परवान्याची मुदत परत तीन वर्षं करा, आणि मधे दरवर्षी एकदा बंदूक आणि माणूस दोन्ही समोर आणून बघा, नुसतं कागद नको. घरच्यांना, त्यातही बायकोला, गुपचूप तक्रार करता आली पाहिजे आणि तक्रार आली की आधी बंदूक जमा, चौकशी मग. चौकशीत काय निघालं नाही तर पावती दाखवून परत न्या, इलेक्शनला नेता तशी. कायदा बदलायचं काम दिल्लीचं, ते होईल तेव्हा होईल, खरं कलम १७ आजच वापरायला डीसी साहेबांचं एक पत्रक पुरे आहे, कानडीत आणि मराठीत दोन्हीत काढा म्हणजे खालपर्यंत पोचेल. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधला कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन भरतं तेव्हा आपल्या आमदारांनी सीमाप्रश्नाबरोबर एवढं एक विचारलं तरी चालेल.

ग्रुपमधल्या फौजी मंडळींनी कोताबद्दल मी लिहिलंय त्यात काय कमीजास्त असेल तर खाली लिहा. आणि 'बाईमाणसं खोट्या तक्रारी करतील' असं लिहिणाऱ्यांनी आधी सांगा, इलेक्शनला बंदूक जमा करताना तुम्ही एवढे कधी ओरडला होता?