हात कुणाचा, खटका कुठला

१२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं बोईंग ७८७ कोसळलं तेव्हा इथे अमेरिकेत पहाट व्हायची होती. मी उठून फोन पाहिला तर कुटुंबाच्या गटावर संदेशांचा ढीग, आणि त्यातले निम्मे मला उद्देशून. आमच्या घराण्यात विमान चालवणारा मी एकटा. तेही सुट्टीच्या दिवशी, चौघांनी वर्गणी काढून घेतलेलं, एका इंजिनाचं, साठीला आलेलं विमान. पण गटाच्या लेखी मी तज्ज्ञ.

आतेभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, त्याने सरळ विचारलं, "चाकं वर घ्यायच्या ऐवजी फ्लॅप वर घेतले का रे त्यांनी?" फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा; त्या खाली असल्या की कमी वेगातही विमान हवेत टिकतं. चित्रफितीत चाकं खालीच दिसत होती, टीव्हीवर हाच तर्क सुरू होता. मी लिहिलं, "शक्य आहे. असं होतं." माझं ते एक वाक्य दादाने आणखी तीन गटांवर 'आमचा अमेरिकेतला पायलट म्हणतो' असं लावून पाठवलं.

महिन्याने, १२ जुलैला, प्राथमिक अहवाल आला. फ्लॅपचा दांडा ५ अंशांवर, म्हणजे उड्डाणाला जिथे हवा तिथेच होता. चाकांचा दांडा 'खाली'वर. दोन्ही इंजिनांच्या इंधनाचे स्विच मात्र सेकंदाच्या अंतराने 'बंद'कडे गेले होते, आणि कॉकपिटमधला एक आवाज दुसऱ्याला विचारत होता, तू बंद का केलंस; दुसरा म्हणत होता, मी नाही केलं. फ्लॅपचा तर्क पार खोटा ठरला. माझाही.

मी असं बेधडक का लिहिलं, तर तो हात एकदा माझा स्वतःचा होता.

आमचं विमान बीचक्राफ्ट बोनान्झा, १९६४ सालचं. शेपटी इंग्रजी व्ही अक्षरासारखी, चाकं पोटात मिटणारी. ही जात १९४७ पासून विकली जाऊ लागली. हलक्या विमानांत तेव्हा चाकं बहुधा खाली लोंबतच असायची. ती पोटात घेतली की हवेचा अडथळा एकदम कमी होतो, आणि हे विमान तासाला ३०० किलोमीटरच्या वर सहज जातं. माझी शिकवणी चालली होती तेव्हाची गोष्ट. उतरलो, चाकं टेकली, मी खुशीत फ्लॅप वर घ्यायला हात पुढे केला. शेजारी बसलेल्या शिक्षकाने मनगट धरलं. माझं बोट फ्लॅपच्या नाही, चाकांच्या खटक्यावर होतं.

आता यात गंमत अशी की माझी सवय चुकीची नव्हती. बहुतेक सगळ्या विमानांत चाकांचा खटका डावीकडे आणि फ्लॅपचा उजवीकडे असतो. जुन्या बोनान्झात नेमकं उलटं. ज्या विमानात मी आधी शिकलो तिथलं माझ्या हाताने पाठ केलं होतं आणि तो तेच करत होता. चाकं जमिनीवर असताना मिटू नयेत म्हणून विमानाच्या पायात एक सुरक्षा स्विच असतो, पण तो विमानाचं वजन पायांवर आल्यावरच काम करतो. टेकल्यानंतरचे पहिले काही क्षण पंख अजून बरंच वजन उचलून धरत असतात. नेमक्या त्याच क्षणांत वैमानिकाचा हात सैल सुटतो.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, १९८० मध्ये या प्रकारावर खास अभ्यास केला. अनवधानाने चाकं मिटल्याच्या अपघातांत बोनान्झा आणि तिचं दोन इंजिनांचं भावंड बॅरन ही विमानं त्यांच्या संख्येच्या मानाने फारच जास्त निघाली. अभ्यासाच्या शीर्षकातच मंडळाने म्हटलं होतं की हे अपघात रचनेने घडवलेले आहेत. पुढे बीचक्राफ्ट कंपनीने खटक्यांच्या जागा बदलल्या.

आणि हे काही नवं ज्ञान नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बफेकी विमानं उतरल्यावर चाकं मिटून पोटावर बसत होती. अल्फॉन्स चॅपानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं तर दोन्ही खटके एकसारखे आणि शेजारी शेजारी. त्याने चाकांच्या दांड्याला रबरी चाकाची मूठ आणि फ्लॅपच्या दांड्याला पाचरीची मूठ बसवायला सुचवलं, म्हणजे अंधारातही हाताला कळावं. वैमानिक तेच राहिले, घोटाळा थांबला. तरी अख्खी तीस-पस्तीस वर्षं नागरी विमानात तोच घोटाळा चालू राहिला, कारण दर वेळी अहवालात 'वैमानिकाची चूक' लिहून फाइल मिटत होती.

चाकं बाहेर काढायला विसरणं हा याचा जुळा भाऊ. इथल्या वैमानिकांत म्हणायची पद्धत आहे की मिटत्या चाकांचे वैमानिक दोन प्रकारचे, पोटावर उतरून झालेले आणि अजून उतरायचे राहिलेले. विसरणारे आळशी नसतात. नेहमीचा क्रम मोडतो तेव्हा माणूस विसरतो: टॉवरने सांगितलं थोडं लांबून ये, समोरच्या विमानाने धावपट्टी सोडली नाही म्हणून पुन्हा वर जावं लागलं, किंवा मागे बसलेल्या पाहुण्याला मळमळायला लागलं. चाकं मिटलेली असताना थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर ठरवणारा दांडा, मागे घेतला की भोंगा वाजतो, पण डोकं दुसरीकडे असलं तर कानही ऐकत नाहीत. यात माणसं सहसा मरत नाहीत. प्रोपेलर वाकतो, इंजिन पूर्ण उघडून तपासावं लागतं, आणि जुन्या विमानाचा विमा उतरवणारी कंपनी अनेकदा दुरुस्तीपेक्षा भंगारात काढणं पसंत करते. शिवाय नुसतं चाकांचं आणि प्रोपेलरचं नुकसान इथल्या नियमात 'मोठं नुकसान' धरलं जात नाही, त्यामुळे अशा कितीतरी घटना अपघातांच्या नोंदीत येतच नाहीत. आकडे तोंडावर फेकून वाद घालणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. त्यात मीही आलो.

माणसं मरतात ती दुसऱ्या कारणाने. बोनान्झाला इथे एक कुत्सित नाव आहे: 'डॉक्टरांना मारणारं विमान'. पैसेवाला, कामात बुडालेला डॉक्टर महागडं वेगवान विमान घेतो, सरावाला वेळ नाही, सोमवारी शस्त्रक्रिया आहे म्हणून रविवारी ढगांत शिरतो आणि संपतो, अशी ती कहाणी. ऐकायला फार सोयीची. डॉक्टर नसलेल्या प्रत्येकाला वाटतं, आपण सुटलो.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने एक प्रयोग केला, योगायोगाने बोनान्झातच. केवळ उपकरणं पाहून उडवण्याचं शिक्षण नसलेले २० जण घेतले आणि बाहेरचं काही दिसणार नाही अशी सोय केली. सगळ्या २० जणांचा ताबा सुटला. १९ जण वळत वळत खाली जाणाऱ्या फेऱ्यात अडकले, एकाने नाक नको इतकं उचललं. ताबा सुटायला लागलेला सरासरी वेळ १७८ सेकंद. आतल्या कानाला हळू झालेला कल कळत नाही. पंख कलतो, नाक झुकतं, वेग वाढतो. माणूस फक्त उंची घटतेय एवढंच पाहून नाक वर करायला सुकाणू मागे ओढतो आणि फेरा आणखी आवळतो. गुळगुळीत अंगाच्या, चाकं मिटलेल्या विमानात हा वेग डोळ्यांदेखत चढतो. म्हणून याच संशोधकांनी सुटकेची जी रीत शिकवली तिच्यात चाकं खाली काढणं होतं. तेवढाच ब्रेक.

३ फेब्रुवारी १९५९ ला आयोवात बडी हॉली आणि आणखी दोन गायकांना घेऊन बर्फाळ रात्री उडालेलं आणि कोसळलेलं विमान बोनान्झाच होतं. वैमानिक २१ वर्षांचा होता आणि त्याच्याकडे उपकरणांवर उडण्याची पात्रता नव्हती. चौकशीत हे आलंच, पण हेही आलं की विमानातलं कल दाखवणारं उपकरण त्याच्या सवयीच्या उपकरणापेक्षा नाक वर-खाली उलटं दाखवत असे. १६ जुलै १९९९ ला राष्ट्राध्यक्ष केनेडींचे चिरंजीव, जॉन केनेडी धाकटे, ज्या पायपर साराटोगा विमानात मरण पावले तेही मिटणाऱ्या चाकांचं. समुद्रावरची काळोखी रात्र, धुरकट हवा, क्षितिज नाहीसं झालेलं.

मग विमान निर्दोष का? तसंही नाही. व्ही शेपटीची बोनान्झा वेग हाताबाहेर गेल्यावर हवेतच मोडण्याचं प्रमाण सरळ शेपटीच्या बोनान्झापेक्षा स्पष्टपणे जास्त होतं. वर्षानुवर्षं मालक म्हणत राहिले की उडवता येत नाही त्यांची मोडते. शेवटी १९८७ मध्ये शेपटीच्या मुळाशी आधाराच्या पट्ट्या बसवणं सक्तीचं झालं. आमच्या विमानालाही त्या आहेत, उड्डाणाआधी मी त्यांच्यावरून हात फिरवतो. डॉक्टर ढगात शिरला हे खरं आणि शेपटी कमकुवत होती हेही खरं. पहिलं खरं ठरलं म्हणून दुसरं शोधायचं थांबले असते तर या पट्ट्या आल्या नसत्या.

आता घरचा वाद. अहमदाबादनंतर आमच्या गटाचे दोन तट पडले. एकाचं म्हणणं, वैमानिकाने मुद्दाम केलं. दुसऱ्याचं, बोईंग स्वतःला वाचवायला मेलेल्या माणसावर ढकलतंय. प्राथमिक अहवालाने कारण ठरवलेलंच नव्हतं, तरी दोन्ही तट तोच अहवाल एकमेकांना पाठवत होते. दादा दुसऱ्या तटात. तो मला म्हणाला, "तुमच्याकडे बरं आहे, तिथे सगळं शास्त्रशुद्ध असतं."

तसं काही नाही, दादा. इथेही 'डॉक्टरांना मारणारं' हे नाव लोकांनी चवीने चघळलं. इथे तर प्रत्येक अपघातामागे वकील येतो. दाव्यांच्या ओझ्याखाली छोट्या विमानांचा धंदा इतका बसला की सेस्ना कंपनीने १९८६ मध्ये पिस्टन इंजिनाची छोटी विमानं बनवणं थांबवलं, आणि १९९४ मध्ये संसदेला कायदा करून १८ वर्षांपेक्षा जुन्या छोट्या विमानांसाठी उत्पादकाला बहुतेक दाव्यांपासून मोकळं करावं लागलं. दोषी हवाच ही भूक दोन्हीकडे सारखी आहे.

फरक मला दिसतो तो एका अगदी रुक्ष जागी. इथे सुरक्षा मंडळाने ठरवलेलं अपघाताचं संभाव्य कारण नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून चालत नाही. १९७६ पासून नासा एक गोपनीय नोंदवही चालवतं. हेतुपुरस्सर नसलेली चूक दहा दिवसांत तिथे कळवली तर बहुतेक वेळा दंड किंवा परवाना निलंबन टळतं. माझ्या मनगटाची गोष्ट मी तिथे लिहिली होती. लाज वाटली, पण भीती नाही वाटली. आपल्याकडेही कागदावर तत्त्व तेच आहे: तपास पुन्हा अपघात होऊ नये म्हणून, दोष ठरवायला नव्हे. पण त्या कागदाच्या भरवशावर एखादा शिकाऊ वैमानिक "काल मी चुकीचा खटका दाबला" असं आपणहून लिहून देईल का? मी तिथे शिकत असतो तर दिलं नसतं. घरीसुद्धा सांगितलं नसतं.

खरं म्हणजे दादाला मी अजूनही ते सांगितलेलं नाही.

परवा कुठल्याशा छोट्या विमानाच्या अपघाताची चित्रफीत गटावर आली आणि दादाने पुन्हा विचारलं, "काय वाटतं तुला, कुणाची चूक?" मी लिहिलं, "अहवाल येऊ दे." दोन मिनिटांत उत्तर आलं, "मग तू पायलट कसला रे!"